अकरा क

अशी कल्पना कर, की तुझ्यासमोरच्या टेबलावर दोन फोन आहेत. दोन्ही काळे, दोन्ही चपटे. पालथे घातले तर जुळे भाऊ. पण ते वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले आहेत, आणि आतून ती दोन निराळी घरं आहेत. एका घरात दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. एकात नळ उचलला की पाणी येतं, दुसऱ्यात फिरवला की. एका घरची भाषा दुसऱ्या घराला कळत नाही. आता तुला असा पाहुणा तयार करायचा आहे, जो दोन्ही घरांत सारखाच वावरेल, कुठे ठेचकाळणार नाही, आणि दोन्ही घरच्यांना वाटेल की हा आपल्यातलाच.

केलीस कल्पना? असे पाहुणे तयार करणं हा एका बाईचा धंदा होता. या पाहुण्यांना ॲप म्हणतात, हे तुला मी सांगायला नको.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खाली पंपाचा फसफस आवाज चालायचा आणि वर दोन माणसं दिवसभर पडद्यासमोर बसायची. एक ती, आणि दुसरा तिचा भागीदार, एक गोलमटोल, कायम घाईत असलेला गृहस्थ. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "होईल, होईल!" म्हणून बाईच्या मुलीने त्याचं नाव होईलकाका ठेवलं होतं. मुलगी दहा वर्षांची. शाळा सुटली की ती तिथेच यायची, आणि नवीन ॲप तयार झालं की दोन्ही फोन दोन हातांत घेऊन ते तपासायची. डाव्या फोनवर एखादं बटण जरा खाली आलं तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. होईलकाका तिला इन्स्पेक्टर म्हणायचे.

"इन्स्पेक्टरबाई, आज काय सापडलं?"

"डावीकडचा हिरवा जास्त हिरवा आहे."

"मग उजवीकडचा पालेभाजी कमी खातो. होईल, होईल!"

आईचं काम करण्याचं एक सूत्र होतं. बाकीचे लोक दोन फोनांसाठी दोन वेगळी ॲपं लिहितात. आई म्हणायची, एकदाच लिहायचं, दोन्हीकडे चालवायचं. सगळं काम ती एकाच भाषेत लिहायची आणि प्रत्येक फोनसाठी एक छोटासा दुभाष्या ठेवायची. दुभाष्या म्हणजे दोन भाषा येणारा मध्यस्थ. ॲपला काही हवं असलं की ते दुभाष्याला सांगणार, आणि दुभाष्या त्या फोनकडून ते करून घेणार. एका फोनचा दुभाष्या आई लिहायची, दुसऱ्याचा होईलकाका.

घरात तिसरं माणूस होतं आजोबा, आईचे वडील. तीस वर्षं त्यांनी बसवर कंडक्टरचं काम केलं होतं. निवृत्त झाले तरी बस भरलेली असल्यासारखेच बोलायचे. जेवायला हाक मारायची तर "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" आणि मागे जागा म्हणजे एकच रिकामी खुर्ची. मुलीला दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर समोरच्या इमारतीतली दोन मुलं ओ द्यायची. आईला मात्र ते आयुष्यभर एकाच शब्दाने हाक मारत आले. "बाळा." चाळिशीच्या बाईला बाळा म्हटलेलं ऐकून होईलकाका गालात हसायचे.

मग एका सकाळी आजोबा दात घासता घासता कोसळले. मेंदूकडे जाणारं रक्त कुठेतरी अडलं होतं. जीव वाचला, पण आवाज गेला. उजवा हात गेला, डाव्या हाताचं एकच बोट नीट चालायचं. चेहरा असा झाला की हसताहेत की रडताहेत ते कळेना. मान हलायची, पण हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखीच. डोक्यातले शब्द सगळे जागेवर होते, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली होती.

त्यांना एका शुश्रूषागृहात ठेवलं. ते बसने चार तासांवर होतं. तिथे बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, रोज सकाळी तासभर त्या आजोबांकडून जिभेचे आणि ओठांचे व्यायाम करून घ्यायच्या. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, "आवाज परत आला, तर या पहिल्या काही महिन्यांत येईल. यातला एक दिवसही वाया घालवू नका."

म्हणून आई आणि होईलकाकांनी आजोबांसाठी एक ॲप बनवलं. काम अगदी साधं. आजोबा एका बोटाने मोठमोठ्या अक्षरांवर टिचकी मारणार, वाक्य तयार होणार आणि ते आईच्या फोनवर दिसणार. होईलकाकांनी आपला जुना फोन आजोबांना दिला. तो एका घरचा, आईचा फोन दुसऱ्या घरचा. पण त्याची काळजी कुणाला? एकदाच लिहायचं, दोन्हीकडे चालवायचं.

आजोबांना जवळचं नीट दिसायचं नाही, म्हणून अक्षरं खूप मोठी ठेवली. इतकी मोठी की एका ओळीत अकराच मावायची. तेव्हा असं ठरलं, की निरोप अकरा अक्षरांचा. दोन शब्दांमधली रिकामी जागाही एक अक्षर धरायची. लिहिणाऱ्याच्या फोनने अकरा झाली की थांबवायचं. घेणाऱ्याच्या फोननेही मोजायचं आणि चुकून जास्त आलंच तर अकरानंतरचं कापून टाकायचं. मोजायचं काम त्या दोन दुभाष्यांकडे दिलं.

तपासायची वेळ आली तेव्हा होईलकाकांनी नेहमीसारखं क च्या बटणावर बोट दाबून धरलं. ककककककककककक. अकरा क झाले, फोन थांबला. दुसऱ्या फोनवरही अकरा क. दोन्ही फोन अगदी एका सुरात.

"आपण खरे शब्द घालून बघूया ना," मुलगी म्हणाली.

"अगं, क काय नि कौ काय! अक्षर ते अक्षर. पास की नापास, इन्स्पेक्टर?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई बॅग भरत होती. तिला चारची बस गाठायची होती.

"पास," मुलगी म्हणाली.

पहिला निरोप दुसऱ्याच दिवशी आला. "बाळा ऊन आलं." आईने तो फोन छातीशी धरला आणि बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग "बाळा पाणी," मग "बाळा झोपलो." पाणी चार तासांच्या अंतरावरून देता येणार नव्हतं, पण निदान मागितलेलं कळत तरी होतं. आई उलट निरोप लिहायची नाही. आजोबांचे कान शाबूत होते, ती सरळ फोन करायची, तिथली नर्स तो त्यांच्या कानाशी धरायची, आणि आई बोलायची.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी निरोप आला: "बाळा आज बोल."

"बघ, कंटाळलेत ते," आई मुलीला म्हणाली. "माझा आवाज ऐकायचाय त्यांना." तिने हातातलं काम टाकलं आणि फोन लावला. तासभर ती बोलत होती. खालच्या दुकानात कोण भांडलं, होईलकाका खुर्चीसकट कसे पडले, मुलीला गणितात किती मिळाले. पलीकडून एक जोराचा श्वास ऐकू यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. "हसताहेत," आई म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी: "बाळा काळजी."

"काळजी? कसली काळजी?" आईने शुश्रूषागृहात फोन केला. तिथे म्हणाले, तब्येत उत्तम आहे, काही काळजी नाही. आईला ते पटलं नाही. कुणीतरी काहीतरी लपवतंय असं तिला वाटायला लागलं. तेव्हापासून ती जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू लागली.

आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी: "बाळा घरी ने."

आईने ते वाचलं आणि ती उभीच राहिली. होईलकाका म्हणाले, "डॉक्टरांना विचार आधी. पहिले महिने महत्त्वाचे, असं ते म्हणाले होते ना?"

"डॉक्टरांना काय विचारू? माझे बाबा मला म्हणताहेत घरी ने. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. एका बोटाने, अक्षर अक्षर जुळवून मागताहेत, आणि मी नियम सांगत बसू?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच आई आणि मुलगी निघाल्या. शुश्रूषागृहात शिकवणाऱ्या बाई नव्हत्या, शनिवार-रविवार त्यांची सुट्टी. नर्स म्हणाली, "ताई, सोमवारी बाई येतील. त्यांच्याशी बोलून मग काय ते ठरवा."

आईने फोन पुढे केला. "हे बघा. त्यांनीच लिहिलंय."

नर्सने वाचलं. "मग आम्ही काय बोलणार?" ती म्हणाली आणि कागद आणायला गेली.

मुलीने आजोबांचं सामान भरलं. टॉवेल, चष्मा, कंगवा. फोन हरवू नये म्हणून तिने तो सगळ्यात आधी पिशवीच्या तळाशी घातला आणि वर कपडे रचले. आजोबांना चाकांच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांचं ते एक बोट खुर्चीच्या हातावर टकटक करत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ किती आनंद झालाय," आई म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

घरी आल्यावर फोन पुन्हा त्यांच्या हाताखाली ठेवला. त्यांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने एकदा "पाणी" आलं. बाळा पाणी नाही, नुसतंच पाणी. आई म्हणाली, आता आम्ही समोरच आहोत, लिहायची गरजच काय? तिने गावातल्या एका व्यायाम शिकवणाऱ्याला बोलावलं. तो हातपाय हलवायचा. जिभेचं त्याला काही येत नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंचे दोनदा फोन आले. पहिल्यांदा आई म्हणाली, "त्यांचीच इच्छा होती हो," आणि बाई पुढे काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. दुसऱ्यांदा तिने तो उचललाच नाही. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सूप भरवताना तोंड उघडायचे, मिटायचे. कुणी हाक मारली तर डोळे उघडायचे, पण तुमच्याकडे बघायचे नाहीत. एखादं माणूस आपल्यावर रागावलेलं असलं तर कळतं. हे रागावणं नव्हतं. स्वतःचीच समजूत घालून गप्प बसलेल्या माणसासारखे ते दिसायचे.

असे सात आठवडे गेले.

एका दुपारी मुलगी आजोबांजवळ बसली होती. त्यांना बरं वाटावं म्हणून तिने त्यांचाच फोन घेतला आणि त्यांचे जुने निरोप त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागली. "बाळा ऊन आलं. आठवतं, आजोबा? बाळा पाणी. बाळा झोपलो. बाळा आज बोल..." आणि ती थांबली. पडद्यावर आणखी एक अक्षर होतं. तिने पुन्हा वाचलं.

बाळा आज बोललो.

आजोबांचे डोळे भिंतीवरून तिच्याकडे वळले होते.

मुलीने पुढे वाचलं नाही. ती फोन घेऊन उठली, धावत जिना उतरली, रस्ता ओलांडून सायकलच्या दुकानाशेजारचा जिना चढली आणि आईच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. आजोबांच्या फोनवर होतं: बाळा काळजी नको. आईच्या फोनवर: बाळा काळजी. आजोबांच्या फोनवर होतं: बाळा घरी नेऊ नको.

आईच्या फोनवर काय होतं, ते तुला माहीत आहे.

होईलकाका खुर्ची ओढत आले. "असं कसं होईल? अकरा अकराच आहेत दोन्हीकडे. हे बघ." त्यांनी क दाबून धरला. अकरा क. दुसरीकडे अकरा क. "बघ!"

"काका, हे मोजा," मुलगी म्हणाली. तिने आजोबांच्या निरोपावर बोट ठेवलं. "बा, ळा, मोकळी जागा, घ, री, मोकळी जागा, ने, ऊ, मोकळी जागा, न, को. अकरा."

"तेच तर म्हणतोय. अकरा. मग कापलं कशाला?"

मुलगी आईच्या फोनकडे बघत होती. तिच्या शाळेत शुद्धलेखनाच्या एक बाई होत्या, फार कडक. काना विसरला तर एक गुण जायचा, वेलांटी चुकली तर आणखी एक. "अक्षर वेगळं आणि त्याचे दागिने वेगळे," असं त्या म्हणायच्या. मुलीने आईच्या फोनवरचा निरोप त्या बाईंसारखा मोजायला सुरुवात केली.

"ब एक. त्याचा काना दोन. ळ तीन. त्याचा काना चार. मोकळी जागा पाच. घ सहा. र सात. वेलांटी आठ. मोकळी जागा नऊ. न दहा." ती थांबली. "न वरची मात्रा अकरा."

आणि तिथेच तो निरोप संपत होता. ने.

आता तुला कळलं असेल. एक फोन आपण वाचतो तशी अक्षरं मोजत होता. दुसरा काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं सुटं मोजत होता. फोनांचं काही चुकलं नव्हतं, दोघांनाही तसंच शिकवलेलं होतं. दुभाष्यांनी आपापल्या फोनला विचारलं, "किती झाले?" आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. क ला काना नाही, मात्रा नाही, काही नाही. क वर ते दोन फोन कायम एकमताने वागले असते.

होईलकाकांनी आपला दुभाष्या उघडला, मग आईचा. एक ओळ बदलायची होती. बदलायला चार मिनिटं लागली. मग त्यांनी ती बाराखडीच्या प्रत्येक अक्षरावर तपासली, क का कि की करत ज्ञ पर्यंत, सगळी. तासभर लागला त्याला. कुणी सांगितलं नव्हतं. आई तोवर एकाच जागी बसून होती.

"तो तासभर मी बोलत होते," शेवटी ती म्हणाली. "ते सांगत होते की मी बोललो. आणि मी त्यांना तुझ्या गणिताचे गुण सांगत होते."

शुश्रूषागृहात फोन केला. खाट दुसऱ्याला दिली होती. पुढची यादी आठ महिन्यांची. आईने विनवण्या केल्या, ओरडली, फोन ठेवला, पुन्हा लावला, माफी मागितली. यादी आठ महिन्यांचीच राहिली. निदान शिकवणाऱ्या बाईंनी एकदा बघावं म्हणून तिने वेळ मागून घेतली, आणि बुधवारी सगळे आजोबांना घेऊन गेले.

बाई उंच, पिकलेल्या केसांच्या होत्या. आरडाओरडा न करणाऱ्या. आईने सगळं सांगितलं, काना-मात्रेसकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या आजोबांसमोर स्टूलवर बसल्या, आपले ओठ मिटून दाखवले आणि उघडले. "चला, आपला तो आवाज." आजोबांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. खालचा ओठ जरा थरथरला. बाईंनी पुन्हा दाखवलं. पुन्हा. वीस मिनिटं त्या धीराने दाखवत राहिल्या. नुसती हवा आली, तीही नाकातून.

बाहेर व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "इथून गेले तेव्हा ओठ मिटत होते. दर दिवशी थोडं थोडं पुढे जात होतं. आता मी व्यायाम लिहून देते, घरी करा. पण ताई, मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. दाखवली असती तर तुम्हाला आज बरं वाटलं असतं, इतकंच."

"काय बोलले होते ते?" मुलीने विचारलं. "त्या दिवशी, बोललो असं लिहिलं तेव्हा?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. "बा," त्या म्हणाल्या. "नुसतं बा. पुढचं ळा येत नव्हतं. मी म्हटलं, येईल, महिन्याभरात येईल, मग फोन करून सरप्राइज देऊ तुमच्या लेकीला. मीच म्हटलं त्यांना, इतक्यात घरी जाऊ नका. तेव्हा त्यांनी तो घरी नेऊ नकोचा निरोप लिहिला. माझ्यासमोर लिहिला. संपूर्ण सकाळ लागली. आधी मोठा झाला होता, मावेना. मग खोडून खोडून बरोबर अकरात बसवला. केवढे खूश झाले होते!"

आईने भिंतीला हात लावला.

संध्याकाळी सगळे घरी परतले. आजोबांना खाटेवर झोपवलं, पांघरूण घातलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. नळ चालू होता आणि तिच्या हातात धुवायला काही नव्हतं. होईलकाका दाराशी चपला घालायच्या की नाही ते न ठरवता उभे होते.

"आजोबांना सांगूया ना," मुलगी म्हणाली.

"काय सांगायचं?"

"की आपल्याला अर्धंच कळलं. त्यांना वाटतंय, त्यांनी नको म्हटलं, आपण वाचलं, आणि तरीही उचलून आणलं. सात आठवडे त्यांना असं वाटतंय, आई."

आईने नळ बंद केला. "आणि सांगितल्यावर? आत्ता त्यांना वाटतंय, लेकीने मायेपोटी ऐकलं नाही. आईबाप तेवढं माफ करतात. उद्या कळेल की कुणी काही ठरवलंच नव्हतं. एका मात्रेने आवाज गेला. माझ्या हातच्या कामाने. ते कळून त्यांचं काय बरं होणार आहे?"

"ताई, पोरीचं बरोबर आहे," होईलकाका हळूच म्हणाले.

"मग तुम्ही सांगा!"

होईलकाकांनी मान खाली घातली. त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. ती खुर्चीवर बसली, डोकं टेबलावर टेकवलं. "आवाज येणार आहे का सांगून?" ती टेबलालाच म्हणाली. "येणार असेल तर सांग. जा."

आवाज येणार नाही हे मुलीला व्हरांड्यातच कळलं होतं. मग ती आजोबांच्या खोलीत गेली. खाटेच्या आणि भिंतीच्या मध्ये वीतभर फट होती. तिने खाट दोन्ही हातांनी ओढून बाहेर घेतली, तिथे शिरली, आणि आजोबा जिकडे बघत होते तिकडे, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. आता त्यांना तिच्याकडे बघावंच लागलं.

"आजोबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फोन पिशवीच्या तळाशी मी घातला होता."

आणि मग तिने त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून.